सईचं कुलूप

सोम. १ डिसें.

फर्स्ट शिफ्ट. सकाळी डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर नाही. कंत्राटदाराचा फिटर प्रेसमध्ये खांद्यापर्यंत घुसलेला आणि मेन स्विचला त्याचं कुलूपच नाही. महाळुंग्याच्या प्लांटला बारा वर्षं मेंटेनन्स करतोय. नियम एकच. मशीनमध्ये हात घालणाऱ्याने आधी स्विचला आपलं लाल कुलूप लावायचं, नावाचा टॅग अडकवायचा, किल्ली खिशात. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, मॅनेजर आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. फिटर म्हणतो, दोन मिनिटांचं तर काम होतं. सगळ्या शॉपसमोर झापला त्याला. माझ्याच शिफ्टचा जाधव म्हणाला, जरा जास्तच झालं. झालं तर झालं.

घरी आल्यावर वैशालीशी वाजलं. शर्यत ४ जाने.ला, ६५ कि.मी., पाच आठवडे उरले. मला सुट्टी गुरुवारची. ती शाळेच्या ऑफिसात, तिला नि लेकीला, सईला, रविवारची. तिघं एका दिवशी घरात, असं दिवाळीनंतर झालेलं नाही. माझा गुरुवार एकच: सकाळी लाँग रन, संध्याकाळी सईला घेऊन वाकडची क्लाइंबिंगची भिंत. त्यातच मिक्सर दुरुस्तीला टाकायचा म्हणे. कधी?

गुरु. ४ डिसें.

पहाटे चारला निघालो. भोसरी ते चाकण चौक आणि परत, ३४ कि.मी. मोशीच्या पुढे कंटेनर रस्त्याच्या कडेला आडवेतिडवे लावलेले, पळायचं कुठून? एकाने अंगावर घातलाच जवळजवळ. वर तोच शिव्या देतो. तीन तास पन्नास. पाय उत्तम. आल्यावर झोप नाही, मिक्सर नेला.

संध्या. लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

सई अर्ध्या भिंतीवर होती. ती चढेल तशी ढिली होणारी दोरी खालून ओढून घ्यायची, सईचा हात सुटला तर माझ्या हार्नेसच्या कमरपट्ट्याला अडकवलेल्या डिव्हाइसमध्ये दोरी अडवायची. एवढंच काम माझं. मला डुलकी लागली, उभ्या उभ्या. कोच मॅडम म्हणतात तिने दोनदा हाक मारली, "पप्पा, टाइट." मला एकही ऐकू आली नाही. हाताला हिसका बसला तेव्हा जागा झालो आणि पकडलं, पण तोवर ती डाव्या टाचेवर खाली आपटली होती.

आणि मी तिच्यावरच ओरडलो. न सांगता हात का सोडलास म्हणून. ती रडली नाही. नुसती बघत राहिली.

शुक्र. ५ डिसें.

एक्स-रे. हाड शाबूत, टाच सुजलीय, दोन आठवडे भिंत बंद. घरी आल्यावर वैशालीने एकच वाक्य टाकलं: "पासष्ट किलोमीटर पळायचा दम आहे तुमच्यात, पोरीची दोरी धरायचा नाही."

बूट घातले आणि निघून गेलो. ८ कि.मी. दात-ओठ खात. काही उपयोग झाला नाही.

रवि. ७ डिसें.

कामावरून चारला आलो. दाराजवळच्या खिळ्यावर माझं डिव्हाइस टांगलेलं असतं. दोरी जाते त्या भोकातून लाल कुलूप घातलेलं. माझंच. कंपनीने जुनी बदलली तेव्हा बॅगेला लावायला एक घरी आणलं होतं. सोबत लाल टॅग. धोका, चालू करू नये. खाली तिचं अक्षर:

नाव: सई.
कारण: ऑपरेटर झोपतो.
लावल्याची तारीख: ७/१२.
काढल्याची तारीख: (कोरी)

पायातली चप्पल भिरकावली, ती टीव्हीच्या खाली गेली. किल्ली मागितली. तिने गळ्यातला दोरा वर काढून दाखवला, परत आत टाकला. "ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

तेरा वर्षांची आहे. आत वैशाली हसली, ते मी स्पष्ट ऐकलं. त्याचा राग जास्त आला. बारा वर्षं उन्हातान्हात, पाळ्यांत राबतोय ते कोणासाठी? पळणं हीच एक गोष्ट माझी स्वतःची आहे. आणि भिंत? भिंतीवर मीच नेलं ना तिला पहिल्यांदा? आठ वर्षांची होती, जमिनीवरून पाय उचलायला घाबरायची. "पप्पा, धरलंय ना?" दर दोन फुटांवर विचारायची.

हल्ली विचारत नव्हती.

मंगळ. ९ डिसें.

जेवणाच्या सुट्टीत जाधवला सांगितलं. वाटलं, माझ्या बाजूने बोलेल. परभणीचा माणूस, स्वतःला तीन पोरी. डबा खाता खाता म्हणाला, "कटर हाय की टूलरूमला. नेतो का? पर दुसऱ्याचं कुलूप कापल्यावर घरी बसवत्यात भाऊ, हे तूच ट्रेनिंगला शिकिवतोस."

डबा संपवला. भाजी खारट होती.

त्या फिटरलाही आज पाहिलं. प्रत्येक स्विचला कुलूप लावतोय, माझ्याकडे बघत नाही.

शनि. १३ डिसें.

घरी कोणी नव्हतं. बॅगेच्या आतल्या कप्प्यात जुन्या बिबच्या, शर्यतीत छातीला लावायच्या नंबराच्या, पिना शोधत होतो आणि हाताला दुसरी किल्ली लागली. कुलपाला दोन येतात. कंपनीत डुप्लिकेट जमा करून घेतात, का घेतात ते नव्या लोकांना मीच समजावतो. घरच्या कुलपाची मात्र मी ठेवून दिली होती.

उघडलं. खट आवाज झाला. डिव्हाइस हातात धरून दारात उभा राहिलो. मग परत लावलं, टॅग होता तसा नीट वळवला. किल्ली पाकिटात. कोणाला कळणार नाही.

चिडचिड कमी होईल असं वाटलं होतं. उलट संध्याकाळी बिल्डिंगच्या वॉचमनवर उगाच डाफरलो.

गुरु. १८ डिसें.

सकाळी ३८ ठरवलेले, २० वर थांबलो. पाय होते, मन नव्हतं.

संध्याकाळी वाकड. वैशालीने दोरी धरायची परीक्षा दिली, पास. कधी शिकली? दोन शनिवार येत होती म्हणे, मला सांगायची गरज वाटली नाही. मी बाकावर, मांडीवर दोन पर्स आणि पाण्याच्या बाटल्या. सई निम्म्यावर गेली, खाली न बघता म्हणाली, "मम्मी, टाइट," आणि दोरी लगेच टाइट झाली.

रागाने कान गरम झाले. बायकोचा हेवा वाटला, खोटं कशाला लिहू? आणि ती उत्तम धरते. नजर वर, हात खाली, एक क्षण हलत नाही. दिवसभर शाळेत फायली उपसून आली होती तरी.

शुक्र. १९ डिसें.

पाकीट उघडलं की किल्ली दिसते. चहाचे पैसे काढताना, बस पास काढताना. वैताग आहे.

रवि. २१ डिसें.

कामावरून आलो आणि हात न धुताच तिच्यापुढे किल्ली ठेवली. ती गणित करत होती.

"ही कसली?"

डुप्लिकेट, म्हणालो.

"उघडलंत?"

"एकदा. परत लावलं."

तिने वही मिटली. मला वाटलं बोलेल काहीतरी, ओरडेल. मी तयारही होतो, उत्तरं होती माझ्याकडे. ती आत गेली. मग मोरीतून रडण्याचा आवाज. पडली तेव्हा रडली नव्हती.

आज राग फक्त एका माणसाचा आहे आणि तो रोज आरशात दाढी करतो. थोड्या वेळाने वैशाली बाहेर येऊन म्हणाली, आता तिला एकटी सोडा. सोडली. किल्ली टेबलावर नव्हती.

गुरु. २५ डिसें.

सकाळी पळालो नाही. सातपर्यंत झोपलो. शर्यतीआधी दहा दिवस, शेवटचा मोठा रन, गेला. जाऊ दे म्हणता येत नाही. पाच महिने घातलेत.

भिंतीवर कोच मॅडमनी वाळूची पिशवी दोरीला बांधली आणि स्वतःचं डिव्हाइस माझ्या हातात दिलं. न सांगता पिशवी सोडायच्या. पंधरा वेळा. पंधराही वेळा अडवली. सई बाकावर बसून मोजत होती, फोन बाजूला ठेवून. पंधरा झाल्यावर म्हणाली, "वाळू हाक मारत नाही."

बरोबर आहे. तरी चीड आली.

गुरु. १ जाने.

रविवारी पहाटे पाचला स्टार्ट. बिब आणलाय. वैशाली म्हणते जा, पैसे भरलेत, पाच महिने सगळ्यांचं डोकं खाल्लंय, आता पळून तरी या. तीस-चाळीसनंतर काय होईल माहीत नाही. आजही पळालो नाही. दुपारी झोपलो, गजर लावून.

वाकड. सई हार्नेस घालून माझ्यासमोर उभी राहिली. तिने गळ्यातला दोरा काढला, कुलूप उघडलं, माझं डिव्हाइस माझ्या हातात दिलं. मी ते पट्ट्याला कसं अडकवलंय ते तपासलं, तिची गाठ मला तपासायला लावली. चढली. दोन फूट, चार फूट. पाय माझ्या छातीच्या उंचीला आले आणि तिने हाक न मारता दोन्ही हात सोडले.

दोरी ताणली. ती लटकली, माझ्या छातीसमोर तिची डावी टाच. तशीच लटकून माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ. मीही डोळे हलवले नाहीत.

"खाली," म्हणाली. सोडली हळूहळू.

एवढंच. वर गेली ती नंतर, मम्मीच्या दोरीवर. घरी आल्यावर डिव्हाइस खिळ्यावर, कुलूप परत लावलं, मी बघत असताना. दोन्ही किल्ल्या तिच्या गळ्यात. मला ओरडायचं होतं, आता अजून काय पाहिजे? ओरडलो नाही.

ती झोपल्यावर टॅग वळवून पाहिला. काढल्याची तारीख, तिथे पेन्सिलने लिहिलंय: चार फूट.