गेटवरच्या फळ्यावरची नावं

जुळे सोलापूर,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. अप्पांस,
अंकिताचा शि. सा. नमस्कार.

जे काम खुशीचं आहे, त्याला न आलेल्यांची नावं गेटवर का लावायची? परवा मुमताजआपांनी मला हे विचारलं. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्रातून विचारते.

मुमताजआपा आमच्या कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवतात. माझं काम तुम्हाला अजून नीटसं कळलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. लोकांचे वाढदिवस साजरे करायचे, खेळ घ्यायचे आणि महिन्यातून दोन रविवारी सगळ्यांना घेऊन एखाद्या शाळेच्या भिंती रंगवायच्या. याला इथे एम्प्लॉयी एंगेजमेंट म्हणतात. कॉलेजच्या एनएसएस शिबिरात श्रमदान करताना मला जो आनंद व्हायचा, तो इथे सगळ्यांना मिळावा असं वाटलं. पहिल्या रविवारी शहाऐंशीपैकी एकतीस जण आले नाहीत. मी त्यांची नावं सुंदर अक्षरात लिहिली, कडेनं फुलं काढली, वर ‘तुमची आठवण आली, पुढच्या वेळी नक्की या’ असं लिहिलं आणि कागद गेटवरच्या फळ्यावर लावला. तेव्हापासून हजेरी शंभर टक्के. माझे वरिष्ठ युवराज सर खूश आहेत. पुढच्या महिन्यात मला कायम करतील.

आपांची आई मोहोळला अंथरुणावर आहे. रविवारी जाऊन तिला न्हाऊ घालायचं, एवढंच आपांचं असतं. भिंती रंगवायच्या गेल्या तीन रविवारी ते चुकलं. येणं बंधनाचं नाही, असं मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी वरचा प्रश्न विचारला.

बाकी ठीक. शहाऐंशी जणांचे वाढदिवस मला पाठ आहेत, पण खोलीवर आले की बोलायला कुणी नसतं. कँटीनमध्ये गेले की बायका सरकून जागा देतात आणि बोलणं थांबवतात. मान देतात. मला मात्र त्यांच्यात बसायचं असतं.

अव्वाला नमस्कार. तुम्हा आईवडिलांची माया माझ्यावर राहू द्या.

तुमची
अंकिता


दुधनी,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. अंकितास,
अप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. अव्वाला कन्नडात सांगत सांगत वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरीला फुलं गोल काढता येतात, भाकरी तेवढी येत नाही. हरभरा काढून झाला. माझे कान होते तसेच आहेत, त्यामुळं अव्वाचं बोलणं निम्मंच ऐकावं लागतं. तेवढा फायदा.

आता तुझ्या प्रश्नाचं. रागावू नकोस. चूक माझीही आहे, मी तुला कधी सांगितलं नाही. आमच्या डाळमिलमध्ये ज्याला उद्यापासून काम नाही, त्याचं नाव मुकादम गेटवरच्या फळ्यावर खडूनं लिहायचा. तोंडानं कुणी सांगत नसे. सकाळी येऊन वाचायचं आणि परत फिरायचं. तू दुसरीत असताना माझं नाव लागलं होतं. दोन महिने मी रोज डबा घेऊन निघायचो, स्टेशनच्या बाकावर बसून तो खायचो आणि मिल सुटायच्या वेळेला घरी यायचो. अव्वाला अजून माहीत नाही. हे पत्र तिला वाचून दाखवताना एवढं गाळणार आहे.

तुझ्या बायकांनीही कुठं ना कुठं असला फळा बघितला असणार. त्यांना तुझी फुलं दिसली नसतील, नाव तेवढं दिसलं असेल. आणि त्या गप्प बसतात तो मान नव्हे. मुकादम आला की आम्हीही असेच गप्प बसायचो.

पण घाईनं काही करू नकोस. आधी कायम झाल्याचं पत्र हातात येऊ दे. आपल्या घरात पहिल्यांदा कुणी खुर्चीवर बसलंय. वेळेवर जेवत जा. महिन्याला एक पत्र तरी टाक, म्हणजे आम्हाला बरं वाटतं.

तुझा अप्पा
चन्नवीर


जुळे सोलापूर,
२५ फेब्रुवारी २०२५

ती. अप्पांस,
अंकिताचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमचा तो स्टेशनवरचा डबा डोळ्यांपुढून जात नाही. दुसरीत असताना मी तुम्हाला रोज विचारायची, आज किती पोती झाली, आणि तुम्ही आकडा सांगायचात.

पत्र आलं त्याच दिवशी मी गेटवरचा कागद काढला. पाळी सुटताना तिथे उभी राहून प्रत्येकीला सांगितलं की रविवारी न येणाऱ्याचं काही बिघडणार नाही. सगळ्या माना हलवून गेल्या. मुमताजआपा थांबल्या आणि म्हणाल्या, “लिहून द्या की, मॅडम.” मी लिहून दिलं आणि खाली सही केली. त्यांनी कागदाची घडी करून बटव्यात ठेवली, हसल्या मात्र नाहीत.

परवाच्या रविवारी सात जण आले. आपा मोहोळला गेल्या. आम्ही आठ जणांनी मिळून एकच भिंत रंगवली. जेवणाची पाकिटं शहाऐंशी आली होती, ती शाळेशेजारच्या वस्तीत वाटली. सोमवारी कँटीनमध्ये बायका पुन्हा गप्प झाल्या. माझं ताट घेऊन मी खिडकीशी बसले. एवढ्या लवकर बदल होईल अशी आशा धरणं हाही माझाच भाबडेपणा.

युवराज सर वाईट नाहीत. त्यांनी मला बसवून समजावलं, की पुण्याच्या मुख्य कार्यालयाला आधीची शंभर टक्के हजेरीच कळवू, या रविवारी सुट्टी होती असं लिहू, आणि तुझं कायम होणं मार्गी लागेल. तुम्हीही वेगळं काही सांगितलं नसतंत.

रागावलात तरी चालेल, पण पत्र लिहिणं सोडू नका. इथे माझ्याशी बोलणारं माणूस फक्त कागदावरच आहे. आज दुपारी मी पुण्याला जाणाऱ्या अहवालात लिहिलं, की आधीची माणसं मी लावलेल्या यादीच्या भीतीनं आली होती आणि स्वखुशीनं आलेली सात. खाली माझं नाव घातलं. तुम्ही थांबवाल म्हणून अहवाल आधी पाठवून दिला आणि मग हे पत्र लिहायला बसले.

तुमची
अंकिता