काटा मधोमध होता

गुरुवार, १४ नोव्हेंबर
वर्कशॉप, दुपार

धाकट्या,

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांचा गुडघा दुखतो आणि ते ते कबूल करत नाहीत, म्हणजे तेही ठीकच आहेत. तूही ठीक असशील असं धरून चालते, कारण पुढे सगळं भांडण आहे.

तुझ्या शर्यतीच्या गाडीसाठी तू पाठवलेला रेडिएटर सोमवारी सकाळी पोचला. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘थेट बसतो, काहीही बदल करावा लागत नाही’. हे ज्यानं लिहिलं त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभा कर. आणि तू वर फोनवर वेल्डरकाकांना सांगतोस की दोन तासांचं काम आहे. मला सांगायची तुझी हिंमत नाही, म्हणून काकांना. आज गुरुवार आहे, महाशय.

पुढचा बंपर काढताना तीन क्लिपा तुटल्या, ते सोडून दे, त्या तुटतातच. जुना रेडिएटर दोन बोटं जाड होता, हा चार बोटं. दिसायला देखणा आहे, चकाचक ॲल्युमिनियम, वेल्डिंगची शिवण पाहून काकांनीसुद्धा मान डोलावली. पण त्याच्या खालच्या दोन खुंट्या गाडीच्या रबरी बुशांत जाईनात. अर्धा सेंटीमीटर बाहेर. बुशांची भोकं कानशीनं वाढवली. तो बसला, तर पंखा बसेना. जुना पंखा आणि इंजिनाची पुली एकमेकांना चाटायला लागले. मग दोन पातळ पंखे मागवले. त्यांचा प्लग वेगळा. वायरी कापून जोडल्या. वरची पट्टी आखूड पडली, ती काकांनी नजरेच्या मापानं नवीन केली आणि उलट्या बाजूला वाकवली. मी पट्टी त्यांच्यासमोर धरली. तेच म्हणाले, “आज चष्मा घरी राहिला.” चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

सगळं झालं, बॉनेट लावायला गेले, तर बॉनेट मिटेना. रेडिएटरचं झाकण बोटभर उंच. पुन्हा सगळं खाली उतरवलं, बुश तासून पातळ केले, पुन्हा चढवलं. बाबा खुर्चीत बसून बघत होते. दर पंधरा मिनिटांनी म्हणायचे, “जुना काय वाईट होता?” मंगळवारी मी ऐकून घेतलं. बुधवारी मी पाना खाली ठेवला आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

कारण धाकट्या, जुना काहीच वाईट नव्हता. मी तो काढून धुतला, दाबानं पाणी सोडून तपासला. कुठे गळत नाही, कुठे तुंबलेला नाही. आणि हे मला सोमवारीच ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वीही ठाऊक होतं.

खोक्यात तुझी चिठ्ठी होती. ‘आता कोणीही चालवली तरी तापणार नाही. बसव आणि गाडी विकून टाक. मी आता व्हॅन चालवतो तेव्हासुद्धा रस्त्याकडे कमी आणि तापमानाच्या काट्याकडे जास्त बघतो. हल्ली मलाच वाटतं की त्या दिवशी काटा वर गेला असणार आणि मला दिसला नसणार.’

एवढंच लिहिलंयस. ते मी चार दिवसांत किती वेळा वाचलं ते सांगत नाही. एकदा तर ग्रीसच्या हातानं वाचलं, आता शेवटची ओळ नीट दिसतही नाही, पण पाठ झालीय.

शर्यतीच्या त्या सकाळचं मी तुला क्रमानं सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, एवढी मी स्वतःला ओळखते.

आपल्या वर्कशॉपचा नियम तुला माहीत आहे, बाबांनी आपल्या दोघांच्या डोक्यात लहानपणीच ठोकून बसवलाय. नवीन पाणी भरलं की जोवर आतली हवा पूर्ण निघत नाही तोवर रेडिएटरचं झाकण डॅशबोर्डवर ठेवायचं. झाकण डॅशबोर्डवर असेल तर गाडी चालवायची नाही. झाकण जागेवर असेल तर काम पूर्ण, कोणी काही विचारायचं नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी बाबांनी थर्मोस्टॅट बदलला, सकाळी पाणी भरलं, झाकण डॅशबोर्डवर ठेवलं आणि म्हणाले, हवा मैदानावर गेल्यावर काढू. मग गाडी ट्रेलरवर ढकलताना झाकण घरंगळून सीटखाली गेलं. मी हात घालून काढलं. हरवायला नको म्हणून रेडिएटरवर लावून टाकलं. पोचल्यावर काढते म्हटलं. पोचल्यावर तुझ्या कागदांवरून नोंदणीच्या टेबलापाशी तासभर हुज्जत झाली आणि माझ्या डोक्यातून ते पार निघून गेलं.

बाबांनी झाकण जागेवर पाहिलं, त्यांना वाटलं मी हवा काढली. तुला वाटलं बाबांनी काढली. चौथ्या फेरीत इंजिन तापून गेलं.

तू हेल्मेट काढून पहिलं वाक्य बोललास, “काटा मधोमध होता, शप्पथ.” बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, “खोटारड्या, पुढच्याच्या मागे लागला होतास, काटा कशाला बघतोस तू.” तू माझ्याकडे पाहिलंस. मी तेव्हा बॉनेट उघडून झाकणाकडे बघत होते आणि मला त्याच क्षणी सगळं आठवलं होतं. आणि मी काय म्हणाले? “काटा कधी खोटं बोलतो का?”

ते वाक्य माझंच, बाबांचं नाही. तू घर सोडून गेलास ते बाबांच्या शिवीमुळे, असं सगळे धरून चालतात. मीही त्यांना तसंच धरू दिलं.

काल बाबा जेवायला गेले होते. मी नव्या रेडिएटरमध्ये पाणी भरलं आणि हवा न काढता झाकण लावलं. मुद्दाम. मी नंतर दुरुस्त केलेलं इंजिन चालू केलं आणि तापमान मोजायचं यंत्र त्याच्या हेडवर धरून बसले. शंभर झालं, एकशे दहा झालं. काटा मधोमध. जिथे काट्याचा सेन्सर आहे तिथे हवा अडकली की तो पाण्याचं तापमान घेतच नाही, हे कुठल्याही मेकॅनिकला कळतं. मलाही कळत होतंच. फक्त डोळ्यांनी बघायचं टाळलं होतं.

मी इंजिन बंद करायला हात पुढे केला, तर बाबा मागे उभे होते. जेवण सोडून आले होते, कारण त्यांच्या कानाला इंजिनाचा आवाज बरा वाटेना. ते वाकले, आधी यंत्र पाहिलं, मग काटा पाहिला. मीच किल्ली फिरवली. मग त्यांना सगळं सांगितलं, सीटखालच्या हातापासून सगळं. वेल्डरकाका तिथेच होते, ते उगाच ब्रश धुवायला निघून गेले.

बाबा गाडीला टेकले. मग म्हणाले, “त्याला खोटारडा म्हटलं ना मी.” मी म्हटलं, हो. ते म्हणाले, “चारचौघांत.” मी म्हटलं, हो बाबा. मला वाटलं आता माझी पाळी. पण त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “आठवलं होतं, तर त्याच दिवशी का नाही बोललीस?” मी म्हणाले, घाबरले होते. त्यांनी मान हलवली आणि घरी गेले. आज आलेले नाहीत.

बाबांना मी खोटं सांगितलं. तुला सांगणार नाही.

मी घाबरले नव्हते. अकरा वर्षं मी या जागेत सगळ्यांच्या आधी शटर उघडत होते आणि बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे की मुलगा रेसिंगमध्ये नाव काढेल आणि मग हे सगळं सांभाळेल. माझ्यासमोर सांगायचे. मी तेव्हा कोणाच्या तरी गाडीखाली असायचे. त्या दिवशी तू खोटा ठरलास आणि आठवड्यानं निघून गेलास. तू गेलास त्याच संध्याकाळी बाबांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, आता तुझंच. मी तो उचलला. एकदा तोंड उघडलं असतं तर उचलायला मिळाला नसता. हे कारण आहे, आणि याहून बरं कारण माझ्याकडे नाही.

मला फार राग येतोय, आणि तो तुझ्या रेडिएटरवर काढून झाला, काकांवर काढून झाला, आता काढायला माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

गाडीतली हवा मी आज नीट काढली. गाडी विकणार नाही. ती तुझी आहे, विकायची असेल तर येऊन विक. आलास आणि माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, पण बाबांना भेट. त्यांना तुझी माफी मागायची आहे आणि ते त्यांच्याच्यानं पत्रात होणार नाही.

व्हॅन चालवताना रस्त्याकडे बघत जा. तुझ्या डोळ्यांत तेव्हाही काही दोष नव्हता.

सगळं दिसत असून तुला खोटं पाडलेली,
तुझी ताई