कात्री आणि सहावी ओळ

४ जानेवारी, सकाळी ८
आजपासून रोजनिशी. पुढे मोठा झाल्यावर आठवायला सोपं जावं म्हणून. संशोधन केंद्रात बारा वर्षं नुसता सहायक होतो. यंदा टोमॅटोची ट्रायल माझ्या हाती आली. सिद्ध करायचं ते साधं: पान जितकं मोठं, तितकं पीक जास्त. सहा ओळी, ओळीत वीस झाडं. दर सोमवारी प्रत्येक झाडाची तीन पानं कापायची आणि आलेख कागदावर ठेवून चौकोन मोजायचे. एप्रिलमध्ये प्रमोशन नक्की.

११ जानेवारी
पाणी घालणाऱ्या मावशींनी अक्कल शिकवली. म्हणाल्या, "दादा, पानं ओली असताना आत शिरू नका. आणि एक झाड झालं की कात्री पुसा." अकरा वर्षं रोजंदारीवर आहेत, एक मार्चला कायम होणार, म्हणून आत्तापासूनच जीभ कायम झालीय. म्हणालो, मावशी, तुम्ही पाणी घाला, सायन्स मी बघतो.
सहाव्या ओळीशेजारी गांधीलमाश्यांचं पोळं आहे. एका ओळीपायी संशोधकाचा डोळा जाणं बरं नव्हे. सावलीत बसून तिचे आकडे अनुभवाने भरले; पुढेही तसेच भरणार.

१८ जानेवारी
पहिल्या ओळीत पानांवर तपकिरी ठिपके. करपा. घाबरण्यासारखं काही नाही. ठिपक्यांचे चौकोनही मोजले. पिवळं पडलं तरी पान ते पानच.

२५ जानेवारी
आता दुसरी ओळ. पुढच्या सोमवारपासून कात्री धुवायची असं ठरवलं. मावशी म्हणाल्या म्हणून नव्हे, मला आधीच सुचलं होतं. साबण संपलाय.
घरी बायको म्हणाली, "पानं कापून पानं मोजता, मग झाडाने जगायचं कशावर?" बारावी नापास.

१ फेब्रुवारी
तिसरी ओळ. याला कोणीतरी जबाबदार आहे. साहेबांना लेखी कळवलं की मावशींच्या हातून रोग पसरतोय. त्यांनी पुरावा विचारला. म्हणालो, रोज ओळींत कोण असतं?

९ फेब्रुवारी
मावशींना काढलं. वीस दिवस राहिले होते. रडतील असं वाटलं होतं. पाइप नीट गुंडाळून ठेवला, मला एवढंच म्हणाल्या, "कात्री तेवढी पुसत जा." उद्धटपणा बघा!
 

२२ फेब्रुवारी
चौथी गेली, पाचवीही गेली. मावशी नसताना! जाताना काय काय ठेवून गेल्या कोण जाणे. साबण आणायचा राहिला.

८ मार्च
तोडणी. पहिल्या पाच ओळी मिळून एकतीस किलो, तेही गोट्यांएवढे. सहावी एकटी चौऱ्याण्णव. आणि रजिस्टरमध्ये सर्वांत लहान पानं मी सहावीलाच लिहिलीत. निसर्गाला शिस्त म्हणून नाही.

१५ मार्च, दुपारी ४
मोठ्या ऑफिसातून रोगतज्ज्ञ बाई आल्या. रजिस्टर चाळून म्हणाल्या, "इतकं स्वच्छ रजिस्टर मी पाहिलं नव्हतं." मी साहेबांकडे बघितलं, त्यांनी ऐकलंय ना म्हणून.
मग बाईंनी माझ्या तारखांवर बोट फिरवलं. कोणत्या क्रमाने कापता, विचारलं. पहिलीपासून, सांगितलं. सकाळी? हो, उन्हाच्या आधी. कात्री? एकच, सरकारी. म्हणाल्या, "रोग तुमच्या मागोमाग चालत गेलाय. वाटेत एक झाड सोडलं नाही. उरलेली पानं तुम्ही कापून नेलीत." मग म्हणाल्या, "सहावीत का नाही गेला?"
मी तिथे गेलो नव्हतो, हे सांगावं लागलं.
"मग हे आकडे कुणाचे?"
साहेब पंख्याकडे बघत राहिले.

२९ मार्च
मावशींना परत बोलवायचं ठरलं. पण नियमाने सेवा खंडित. अकरा वर्षं गेली, पुन्हा पहिल्या दिवसापासून. हे सांगायला साहेबांनी मलाच त्यांच्या घरी धाडलं. मी चांगल्या शब्दांत सांगितलं: नशीब समजा, या वयात नवीन नोकरी कुणाला मिळते?
त्यांनी आधी सहावी ओळ कशी आली ते विचारलं. चौऱ्याण्णव किलो म्हटल्यावर चेहरा उजळला. मग म्हणाल्या, "आणि माझी अकरा वर्षं?" नियम पुन्हा समजावून सांगितला. मी सहीचा कागद पुढे केला.
म्हणाल्या, "आधी हात धुऊन या."
नळ बाहेर होता. साबणही होता. धुऊन वळलो तर दार बंद. दोनदा वाजवलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.
ऑफिसात येऊन सांगितलं, मावशी तयार नाहीत. साहेब म्हणाले, मग उद्यापासून पाणी तुम्ही घाला. कात्री जमा करून घेतली.