पेटीतला एलियेसेर

३ मार्च, सोमवार

आली एकदाची पेटी! आणि तिच्याबरोबर आमच्या धाकट्या भाऊसाहेबांचे, एलियेसेरचे, ढीगभर व्हॉइस मेसेज. "ताई, हे इथे लाव. ताई, ती वायर नको गं, निळी!" आठ वर्षं तिकडे स्पेनमध्ये, सारागोसात बसून हुकूम सोडायचे. स्वतः नाही आला. ओळखीच्या कुणा बाईच्या सामानातून पेटी पाठवली, साबण आणि औषधांच्या मधोमध गुंडाळून.

आत दोन डिस्क. एलियेसेरचं सगळं आयुष्य म्हणे त्यात आहे — लग्न, आल्बाचा जन्म, तिचं पहिलं पाऊल. पेटी राउटरला जोडली की घरातल्या टीव्हीवर सगळं दिसणार. आईने या नातीला अजून एकदाही मांडीवर घेतलेलं नाही. आता टीव्हीवर बघायची.

५ मार्च, बुधवार

राउटर पेटीला ओळखत नाही. पेटी राउटरला ओळखत नाही. दिवसभर औषधांच्या दुकानात "नाही, संपलं, पुढच्या आठवड्यात विचारा" म्हणत उभं राहायचं आणि घरी येऊन या दोघांची सोयरीक जुळवायची! शेवटी जुळली. पासवर्ड टाकला — आणि वीज गेली. पेटी किंचाळली. मीही.

६ मार्च

कोपऱ्यावरचा मोबाइल दुरुस्तीवाला ओस्मेल येऊन इलेक्ट्रिक स्कूटरची जुनी बॅटरी लावून गेला. आता वीज गेली तरी पेटी चालू राहते. फ्रिज बंद, पंखा बंद, आम्ही दोघी घामाने निथळतोय, आणि ही बया ऐटीत लुकलुकतेय!

९ मार्च, रविवार

भांडण झालं. पेटीवरचं आईचं खातं मी फक्त बघण्यापुरतं ठेवणार होते. पुसायचा अधिकार नको. तर एलियेसेर फोनवर उसळलाच — "स्वतःच्या मुलाला बघायला आईला परवानगी लागते का? दे तिला सगळे अधिकार!"

आणि पुसलं गेलं तर? मी विचारलं.

"अगं ताई, दोन डिस्क कशाला आहेत? एक म्हणजे दुसरीचा आरसा. एक मेली तरी दुसरी आहेच." इतका विश्वास, की हे सगळं ज्यात होतं तो तिथला जुना लॅपटॉप साफ पुसून विकूनही टाकला म्हणे. शहाणाच आहे. दिले बाबा अधिकार. घाला गोंधळ.

१३ मार्च

जुलैत येणार होते सगळे. आज म्हणतो, "बघू गं, आता काय घाई? सगळं आहे ना पेटीत." मी फोन सरळ आईकडे दिला, तूच सांग तिला म्हणून. ती "बरं, बरं" म्हणाली. नेहमी तेच म्हणते.

१५ मार्च, शनिवार

आई रोज संध्याकाळी खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसते. तोच वाढदिवस, तोच केक. आज म्हणाली, "बरा आहे गं हा एलियेसेर. जेवायला मागत नाही, उशिरा येत नाही." मला एकदम राग आला. आईचा, का त्याचा, का पेटीचा, ते कळेना. भांडी आपटत घासली.

१६ मार्च, रविवार

गेलं! सगळं गेलं!

टीव्ही लावला तर फोल्डर रिकामा. आई मलांगाचे कंद सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मी पुसलं. बघून झालं होतं."

पाकेतेची सवय! दर आठवड्याला डिस्कवर नव्या मालिका नि सिनेमे भरून आणायचे, बघायचे, पुसायचे, पुढच्या पाकेतेसाठी जागा करायची — अख्खं मातांसास शहर काय, अख्खा क्युबा हेच करतो. बघितलेलं इथे कुणी ठेवत नाही. आणि हिने नुसतं पुसलं नाही, पेटीतली कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली!

"आई, ते पाकेते नव्हतं! तो तुझा मुलगा होता!" इतक्या जोरात ओरडले, की समोरच्या खिडक्या उघडल्या.

"मग? मुलगा आहे तर पाठवेल नवं," आई म्हणाली.

१७ मार्च

ओस्मेलने डोक्याला हात लावला. "काकूंनी एकीवर पुसलं, दुसरीवर आपोआप पुसलं गेलं. एक डिस्क मेली तर आरशाचा उपयोग. माणसाने पुसलं तर काय करणार तो?" पेटी बंद करायला लावली. पुन्हा चालू करायची नाही, नवं काही लिहिलं गेलं तर उरलंसुरलंही जाईल. परत मिळवता येईल कदाचित. इथे नाही, तिकडे — त्यांच्याकडे तशी यंत्रं असतात. मग टपालाने पाठवू? "टपालाने चप्पलसुद्धा पाठवू नका, नेरेयदाताई."

एलियेसेरला सांगितलं. आधी ओरडला. मग रडला — आल्बाचं पहिलं पाऊल, पहिलं पाऊल, असं करत. वर मलाच विचारतो, "तू काय करत होतीस?"

मी काय करत होते! आठ वर्षं काय करत होते ते विचार ना! आईचं ब्लडप्रेशर, पावाची रांग, पाण्याचे डबे चार जिने वर — त्याचा व्हिडिओ नाही कुणाकडे. फोन बंद केला.

२२ मार्च, शनिवार

आईशी बोलत नाही. ती बोलते. कॉफी पुढ्यात आणून ठेवते. मी पीत नाही. (गार झाल्यावर पिते.)

३ एप्रिल, गुरुवार

एलियेसेरचा मेसेज: "त्या डिस्क कुणाच्याही हाती देऊ नकोस, ताई. मी स्वतः येतोय न्यायला. तिघंही येतोय. बारा तारखेला पोचू."

म्हणजे आठ वर्षं सुट्टी मिळत नव्हती, ती आता पंधरा दिवसांत मिळाली! आईसाठी नाही, डिस्कसाठी! असा संताप झाला, की डोळ्यांत पाणी आलं. आईला सांगितलं. ती "बरं, बरं" म्हणाली आणि काळे घेवडे भिजत घातले. आजपासूनच!

४ एप्रिल

आई आल्बासाठी पलंगावर चादर घालत होती. गुणगुणत. माझ्या डोक्यात एकदम काहीतरी आलं.

"आई, पुसायच्या आधी पेटी विचारते ना, नक्की पुसायचं का म्हणून?"

"विचारते की."

"मग?"

"तीनदा विचारलं मेलीने." आईने चादरीचा कोपरा नीट खोचला. "तिन्ही वेळा हो म्हटलं."