पीनटच्या मयताला आलेली भांडी

टॅलबर्ट, जॉर्जिया
२६ सप्टेंबर २०१९

प्रिय वेंडल यास मावसभाऊ पीनटचा मनापासून नमस्कार.

हे पत्र हाती पडल्यावर आधी बूड टेकव आणि मग वाच. मी मेलेलो नाही. होलिसच्या लेकीने इंटरनेटवर मला पोचवलं होतं हे खरं, फुलांची चित्रंबित्रं लावून, पण दोन दिवसांनी तिने ते काढून टाकलं आणि खुलासा काही केला नाही (बापावर गेली आहे, तोही ड्रमवर ताल चुकला की थांबायचा आणि मग काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढे सुरू व्हायचा). म्हणजे तिकडे ऑरेगनमध्ये तुझ्या लेखी मी अजून मेलेलाच असणार, असा विचार करून लिहायला बसलो. अठ्ठावीस वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही, आणि पहिलीच लिहायची तर ती ही, याला माझा इलाज नाही.

तुझी तब्येत कशी आहे? गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं होलिसच्या लेकीने इंटरनेटवर वाचलं म्हणे. वहिनींना नमस्कार सांग (नाव लिहीत नाही, आम्हाला इथे शेवटचं कळलेलं नाव दुसऱ्या वहिनींचं होतं, उगाच तुझ्या घरात भांडण नको). माझं म्हणशील तर रक्तदाब आहे, डावा कान गेला आहे आणि डाव्या हाताची करंगळी सकाळी दहापर्यंत वाकत नाही, पण मयत माणसाच्या मानाने प्रकृती उत्तम आहे. आणि एक आधीच सांगून ठेवतो, मी काही मागायला लिहीत नाही.

आता झालं काय ते सांगतो. आपल्या बँडमधला पाद्री गेला. ऑगस्टच्या अखेरीला, पेन्सकोलाला, मुलीच्या घरी, आरामखुर्चीत बसल्या बसल्या. तुला बसून वाच म्हटलं ते यासाठीही. आपल्या साप्ताहिकाला नवा संपादक आला आहे, ओहायोचा, भला माणूस आहे पण परका. त्याने छापलं की स्वीटगम रोड या बँडचे गिटारवादक अर्ली थार्प यांचे निधन झाले. आता तूच सांग, टॅलबर्टमध्ये अर्ली थार्प कोणाला माहीत? आपल्याकडे माणसाचं खरं नाव फक्त त्याच्या आईला, कोर्टाला आणि थडग्याच्या दगडाला माहीत असतं. बेस वाजवणारा पाद्री, एवढंच लोकांना ठाऊक (आणि तो कधी तोंडच उघडत नसे म्हणून आपण त्याला पाद्री म्हणायचो, हे तर आता आपल्या तिघांनाच ठाऊक). जुना संपादक असता तर त्याने टोपणनाव कंसात टाकलं असतं. याने टाकलं नाही, शिवाय बेसवाल्याला गिटारवादक केलं. मग गावाने आपलं डोकं चालवलं. आपला गायक थर्मन तर एक्क्याण्णवलाच गेला. होलिस रोज दुकानात लोकांच्या दाढ्या करतो, तो जिवंत आहे. वेंडल ऑरेगनला. पाद्री तर फार पूर्वीच गेला, असं गावात सगळ्यांचं ठाम मत होतं. उरला कोण? आणि मी नेमका तीन दिवस नदीवर मासे धरायला गेलेलो, फोन घरी ठेवून. दार वाजवलं, आतून उत्तर नाही. झालं. सगळ्यांची खात्री पटली की पीनटचं खरं नाव अर्ली थार्प होतं. ('बघा, इतकी वर्षं ओळखतो आणि नाव आज कळलं,' असं म्हणत टपालवाला रडला म्हणे. माझी पत्रं तोच आणून टाकतो!)

मी परत आलो तर दारात सहा गाड्या. मला वाटलं आग लागली. मागच्या बाजूने आत शिरलो तर माझ्या स्वयंपाकघरात मिस फ्लॉय, ग्रंथालयवाली, एप्रन बांधून उभी, आणि टेबलावर, ओट्यावर, खुर्च्यांवर भांडीच भांडी, मयताच्या घरी गावाने आणून दिलेली. तळलेली कोंबडी, बटाट्याचं सॅलड, मॅकरोनी तर चार घरची, मसाला भरलेली अंडी, आणि ती हिरवी थरथरणारी जेली, जिच्यात आपल्या बायका गाजर का घालतात हे मला सत्तरीतही कळलेलं नाही. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि पट्टीवर नाव. मिस फ्लॉयने माझ्याकडे पाहिलं, किंचाळली वगैरे अजिबात नाही. म्हणाली, "पाय पूस आधी. चर्चच्या पाद्रीणबाईंनी फरशी पुसली आहे." मग खुर्ची ओढून बसली आणि दहा मिनिटं रडली, आणि रडताना मला शिव्या घालत होती. वेंडल, मी दोनदा लग्न केलं, पण माझ्या जिवंत असण्याचा इतका राग इतक्या प्रेमाने आजवर कोणी केला नव्हता.

पण खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. मागे अंजिराच्या झाडाशी मी माशांची बादली घेऊन उभा होतो तेव्हा पुढच्या ओसरीवर होलिस माझ्या मयतात करायच्या भाषणाची तालीम करत होता. कुत्र्यासमोर. आधी थर्मनबद्दल बोलला, कारण होलिसला थर्मनशिवाय कुठली गोष्ट सुरूच करता येत नाही: थर्मन अनवाणी कसा गायचा, बूट घातले की आवाज छतापर्यंत जात नाही असं कसं म्हणायचा, नकाशा कधी वाचता आला नाही पण गाडी कोणाला चालवू द्यायचा नाही, आणि त्यामुळे मोबीलच्या कार्यक्रमाला निघून आपण भलत्याच गावी, मेरिडियनला, कसे पोचलो. मग माझ्यावर आला. म्हणाला, "पीनट एकदाही वेळेवर आला नाही. पण आयुष्यभर त्याने खालचे सूर वाजवले, म्हणून वेंडलचे वरचे सूर लोकांना ऐकू आले. एवढंच केलं त्याने, पण नीट केलं." कुत्रा झोपला होता. मी बादली खाली ठेवली आणि तिथेच उभा राहिलो, कारण त्या वेळी पुढे होऊन 'मी जिवंत आहे' म्हणणं बरं दिसलं नसतं.

जेवणाचं काय केलं विचारशील, तर मी, मिस फ्लॉय आणि होलिस बसून जेवलो, आणि उरलेलं आठ दिवस मी खात होतो. मग भांडी परत करायला निघालो. तुला ठाऊकच आहे, भांडं धुऊन स्वतःच्या हाताने दारात नेऊन द्यायचं असतं. पण आजवर टॅलबर्टमध्ये मयताने स्वतः भांडी परत केली नव्हती. मिसेस आर्डिथने जाळीचं दार लावून घेतलं आणि आतून बोलली. ब्लँटनकडच्या म्हाताऱ्याने मला बजावलं की तो एकदा माझ्यासाठी रडला आहे, आता खरी वेळ येईल तेव्हा त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नये. तिसऱ्या घरी मला बसवून घेतलं आणि पुन्हा जेवू घातलं, ते वेगळ्या भांड्यात दिलं, म्हणजे आता तेही परत करायला जावं लागणार.

बरं, मुद्द्यावर येतो. पाद्रीची मुलगी लोरीन येऊन गेली. बापासारखीच कमी बोलते, पण जे बोलते ते मोजकं. पाद्रीची इच्छा होती की त्याची रक्षा इथे आपल्या चर्चमागे पुरावी, आणि ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, जेव्हा गाव सोडून गेलेले सगळे परत येतात आणि झाडाखाली एकत्र जेवतात. त्याने चिठ्ठीत दोनच ओळी लिहिल्या होत्या. पहिली, भाषण नको. दुसरी, 'बार्लोज फेरी' वाजवा, पूर्ण (म्हणजे आपल्या दोन्ही गिटारींसकट). ती बिचारी हे सगळं माझ्याकडे बघून विश्वासाने सांगत होती आणि मी मान डोलावत होतो.

आता तू म्हणशील, मग वाजव की. वेंडल, पंचेचाळीस वर्षं मी त्या गाण्याचा खालचा अर्धा भाग वाजवत आलो आहे. वरचा मला येत नाही. कधी शिकलोच नाही, तू होतास ना. चर्चमध्ये एकदा एकट्याने वाजवून पाहिलं, तर पाद्रीणबाई म्हणाल्या, छान आहे, कुठलं स्तोत्र? होलिस म्हणाला, तुझं ऐकताना असं वाटतं की एक माणूस एका पायावर उभा राहून दुसरा बूट शोधतो आहे. अटलांटाहून एक नावाजलेला वादक यायला तयार होता. त्याने फोनवर वाजवून दाखवलं, एकही चूक नाही, आणि मी त्याला नम्रपणे नको म्हणालो, कारण त्यात वेंडल नव्हता. शाळेचं बँडपथक ते फुटबॉलच्या सामन्याआधी वाजवतं, ट्रॉम्बोनवर, आणि ती मुलं फार जोरात आणि फार आनंदाने वाजवतात, पण पाद्रीला तसं पुरायचं म्हणजे त्याने खाली गोल मारला असं वाटायचं. नॉर्वेमधून आपले तीन चाहते दर वर्षी मला कार्ड पाठवतात. त्यांना दोन्ही भाग येतात असं लिहितात. म्हणजे नॉर्वेत आपलं गाणं पूर्ण आहे आणि टॅलबर्टमध्ये अर्धं.

तरी मी काही मागत नाही. थर्मनला पुरलं त्या दिवशी मी चारचौघांत म्हणालो की वाजवताना तुझ्या गिटारची तार उतरली होती, आणि तू गिटार पेटीत घालून न जेवता गेलास, ते सगळं मला आठवतं. मयताहून न जेवता जाणारा माणूस टॅलबर्टने त्याआधी पाहिला नव्हता. माझ्या कानाला जे ऐकू आलं तेच मी बोललो, आणि त्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही. होलिस तुझी चौकशी करत होता, मिस फ्लॉयही. तुझी आई, माझी मावशी, जिथे आहे तिथल्या गवताची निगा मी राखतो, ती काळजी करू नकोस. तब्येतीला जप.

तुझा,
पीनट (लेलंड स्टब्स, संपादकासाठी)

ता. क. तेरा तारखेचा रविवार. अकराला प्रार्थना, मग पाद्री, मग जेवण. हे नुसतं माहितीसाठी.

ता. क. २. लोरीनने पाद्रीच्या वस्तूंतून मला एक कॅसेट दिली. थर्मनच्या दफनाची, पाद्रीने स्वतः टेप केलेली. वरचं लिहून ठेवल्यावर परवा लावली. उतरलेली तार खालच्या सुरांत आहे, वेंडल. तुझी नव्हती. माझी होती. चांगल्या उजव्या कानाने चार वेळा ऐकलं, आणि बहिऱ्यालाही कळेल. कॅसेटच्या पाठीवर पाद्रीच्या अक्षरात लिहिलं आहे, 'पीनटची तिसरी तार.' अठ्ठावीस वर्षं त्याला ठाऊक होतं आणि तो बोलला नाही. मी बोललो, आणि चुकीचं बोललो. वर मत बदललेलं नाही असं लिहिलं आहे ते खोडायचं होतं, पण चांगला कागद संपला. माफ कर.

ता. क. ३. सगळी भांडी परत झाली, एक सोडून. कुरिअरने आलेला गोल पत्र्याचा डबा, आत लोण्याचा केक, पाठवणाऱ्याचं नाव नाही. गावात कोणालाच ओळखू येईना. धुताना उलटा केला तर बुडाला लाल नखरंगाने 'आयमा' लिहिलेलं. मावशीचं नाव, तिच्याच हातचं. हा डबा तू जाताना नेला होतास. म्हणजे मी मेलो असं समजून तू तिकडे एकट्याने तिचा केक केलास. खालून करपला होता. सगळा मी खाल्ला, होलिसला चाखूही दिला नाही. डबा धुऊन, पुसून ओट्यावर ठेवला आहे. भांडं पोस्टाने परत पाठवायची आपल्यात रीत नाही, आणि विमानात मी बसत नाही. तेव्हा तुलाच यावं लागेल. येताना गिटार आण, मी माझी आजपासूनच जुळवायला घेतली आहे.