येण्याचं कारण

बाबा, आम्ही चार दिवस फिरायला जायचं म्हणतोय. गावाला नाही, जॉर्जियाला. हा देश कुठे आहे म्हणाल तर आत्ताआत्तापर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. इथून, दम्मामहून, विमानाने काही तासांवर आहे, डोंगर आहेत, थंडी आहे, आणि सौदीचा इकामा, म्हणजे इथलं राहण्याचं ओळखपत्र, असला की वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. त्यामुळे हल्ली इथली आपली माणसं ईदच्या सुट्टीत तिकडे पळतात. तुमच्या नातीची बारावी संपली, आता ती पुण्याला कॉलेजला जाईल. तिने एकच मागितलं, की त्याआधी आपण तिघांनी एकदा अशा ठिकाणी जायचं जिथे आपल्या ओळखीचं कुणी नाही. तुमची सून लगेच हो म्हणाली. मीही मान हलवली, आणि तेव्हापासून मी घाबरलोय.

सुरुवात रजेपासूनच झाली. आपल्याकडे रजेला कारण लागतं. बहिणीचं लग्न, घराचा स्लॅब, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. माझी आजवरची प्रत्येक सुट्टी अशा कुठल्या तरी कारणाच्या पाठीवर बसून आली. हॉस्पिटलात मी डायलिसिसची मशीन सांभाळतो, माझा मॅनेजर सौदी आहे, वयाने माझ्याहून बराच लहान. त्याच्यापुढे उभा राहिलो तर आईचं आजारपण अगदी ओठांवर आलं होतं. कसाबसा म्हणालो, फिरायला जायचंय. त्याने मानही वर केली नाही, यल्ला, जा, एवढंच म्हणाला. देशाबाहेर जाऊन परत यायची परवानगीही आता मोबाइलवर मिळते, पासपोर्ट आपल्याच कपाटात असतो. तुम्ही इथे कामाला होतात तेव्हा तुमचा पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे मालकाकडे, असायचा आणि दोन वर्षांनी एकदा तुमच्या हातात यायचा. हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल, पण मला धडकीच भरली. अडवणारं कुणी नाही म्हटल्यावर पुढचं सगळं माझ्याच अंगावर आलं ना.

त्यात आमच्या लॅबमधल्या हैदराबादी मित्राने भर घातली. त्याच्या ओळखीच्या एका कुटुंबाला तिथल्या विमानतळावर बसवून ठेवलं आणि त्याच विमानाने परत पाठवलं म्हणे. कागद सगळे होते. मी विचारलं, मग का? तो म्हणाला, "भाई, वो लोग कागज बाद में देखते, मुँह पहले देखते." त्या दिवशी घरी येऊन मी आरशात तोंड पाहिलं. दाढी केली तरी ते तसंच राहिलं, घाबरलेलं.

मुलीला सांगितल्यावर ती हसली. म्हणाली, प्रॅक्टिस करू. शुक्रवारी जेवण झाल्यावर ती टेबलापलीकडे अधिकारी होऊन बसली, तुमची सून नि मी पासपोर्ट घेऊन समोर उभे. तिने आवाज जाड करून विचारलं, "व्हॉट इज द पर्पज ऑफ युवर व्हिजिट?" आणि मी म्हणालो, "वर्क, सर."

फिरायला आलेल्या माणसाने काम म्हटलं की संपलंच, बाबा. त्याला तिथूनच माघारी धाडतात. मला हे माहीत आहे. पुन्हा उभा राहिलो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर तिने प्रश्न पुरा करायच्या आत मी बोलून मोकळा झालो. तुमची सून म्हणाली, अहो, टुरिझम म्हणायचं, एक शब्द तर आहे. तो एक शब्द माझ्या तोंडून निघेना.

का निघत नाही, ते फक्त तुम्हालाच कळेल. खूप मागचं आहे, हॉस्पिटलच्या नोकरीच्या कितीतरी आधीचं. मी नुकताच सौदीला आलोय, तुमच्याच कंपनीत हेल्पर म्हणून, तुमच्याच खोलीत वरच्या बंकवर झोपतो. पहिला शुक्रवार आहे. कॅम्पातली आपली कोकणातली पोरं कतीफला निघाली आहेत, मासळीबाजार आणि समुद्र बघायला. मी चप्पल घातली आहे. आणि तुम्ही दारात आडवे उभे राहता. "आपण हितं बघायला नाय आलो. कामाला आलोय. कोणी काय पण इचारलं तरी तेवढंच सांगायचं." मग रेक्झिनची एक छोटी पिशवी माझ्या गळ्यात घालता, इकाम्यासाठी. ती तुम्ही स्वतः शिवली होती. त्याआधी तुमचा खोलीतला सोबती इकामा न घेता नुसता खुब्सची रोटी आणायला गेला, पोलिसांच्या चेकिंगमध्ये सापडला आणि परत खोलीवर आलाच नाही. त्याची ट्रंक तुम्ही बांधून गावी पाठवलीत. हे तुम्ही मला फार नंतर सांगितलंत. त्या शुक्रवारी मात्र मला तुमचा खूप राग आला होता. आज वाटतं, तुम्ही घाबरला होतात, आणि तुमच्याकडे होतं ते सगळं मला दिलंत, त्यात ती भीतीही आली.

मुलगी शेवटी अधिकाऱ्याच्या खुर्चीतून उठून माझ्याजवळ आली. "पप्पा, हॅव यू नेव्हर गॉन एनीव्हेअर? जस्ट लाइक दॅट?" तुमची सून म्हणाली, "ह्यांच्या घरात कुणीच नाही गेलं गं." मग मुलीने ठरवलं की काउंटरवर ती बोलेल, मी फक्त पासपोर्ट पुढे करायचा. मी बरं म्हटलं. तिच्यासमोर मला बाजूला काढून बाकावर बसवलं तर, हा विचार काही केल्या जात नाही. तिने मला मशीनपुढे बघितलंय, माणसं माझ्यावर भरवसा ठेवून झोपलेली बघितलीत. बाकावर बसलेला बाप डोळ्यांत घेऊन तिने पुण्याला जावं असं मला वाटत नाही.

तुम्ही कायमचे गावी परतलात तेव्हा लोक विचारायचे, सौदी कसा आहे हो? तुम्ही कॅम्प सांगायचात, कंपनीची बस, प्लांटचं गेट. मग लोक वाट बघायचे, आणि तुम्ही विडी पेटवायचात. बाकी काही तुम्ही पाहिलंच नव्हतं, हे मला उशिरा उमगलं. अधिकाऱ्याची भीती आहेच, पण तिच्याखाली आणखी एक आहे. समजा त्याने काही न विचारता शिक्का मारला. समजा डोंगरावर बर्फ असलं, मुलगी हसत असली, आणि कसलंही काम नसताना मला छान वाटलं. हे इतकं सोपं होतं असं कळलं, तर तुमची ती सगळी वर्षं मी कुठे ठेवू, बाबा?

आज तिकिटं काढली. रद्द केलं तर पैसे परत मिळतील असं तिकीट थोडं महाग पडतं, म्हणून त्या दोघींची साधीच काढली. माझं तेवढं रद्द करता येईल असं काढलंय. हे घरात अजून सांगितलेलं नाही.