कच्च्या चित्रातले बाबा

रविवार संध्याकाळ, इंदूर

आज बाबांना म्युझियममध्ये व्यंगचित्रांच्या प्रदर्शनाला नेलं. मिल बंद झाली तेव्हा फाटकावर नोटीस मॅनेजर म्हणून बाबांनीच लावली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचं खदाखदा हसणारं चित्र आलं. आज प्रदर्शनात त्याच्या शेजारी पेन्सिलीनं काढलेलं कच्चं चित्रही होतं. त्यात बाबा रडत होते. खरंच रडले होते? मला कसं कळलं नाही?

ती दोन्ही काढणारे म्हातारे चित्रकार तिथेच बसले होते. बाबांनी इंदुरी थाटात, भावाला हाक मारावी तसं विचारलं, "हे आसू का पुसलेत, भिया?"

"संपादकांना हसणारा मॅनेजर पाहिजे होता."

"पण तुम्ही बघितलं होतं ना?"

"बघितलं होतं, साहेब."

बाबांनी त्यांचा हात हातात घेतला.

परत येताना रिक्षात बाबा एकेका कामगाराबद्दल बोलत राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी नुसती ऐकत होते.